साखरपाणी

जेल नव्हतं तेव्हा कुडचड्यात.
अर्धा पेला साखर मी कोमट पाण्यात विरघळवली
आणि चार पोरांची डोकी
न्हाणीत एकेक करून ओणवी केली.
माझा भाऊ उल्हास, केरोबिन, सांत्यान,
आणि भजनी मंडळातून पळून आलेला पुंडलिक,
ज्याला ड्रम म्हणजे मोठ्याने बोलणारा डग्गा वाटे.
काजळ आईचं. लिपस्टिक माझी,
शिवणाच्या डब्यात लपवलेली.

केरोबिनने ओठ मिटून घेतले.
म्हणाला, रंग लावणारे ते मेटल नव्हेत,
ते वरातीतले पाहुणे.
खरे ते, जे काळ्या जीन्समध्ये, कुणाकडे न बघता,
दाढ दुखेल असा सोलो वाजवतात.
उल्हास म्हणाला, काल्यातला राक्षस
तोंड रंगवूनच येतो,
त्याला विचारतोस का, तू खरा की खोटा?
यावरून दोन महिने अबोला.
कॅसेटी मात्र माझ्या हातून जात-येत राहिल्या.

त्या सांत्यानचा तारवटी मामा आणायचा, बोटीवरून.
बँडचं नाव वाचता वाचत नसे,
आम्ही आठवडाभर अक्षरं मोजत बसायचो.
बाबा मराठीचे मास्तर. चष्मा कपाळावर घेऊन म्हणाले,
ही लिपी की कुंपणाची तार?
आणि मेटल म्हणजे धातू ना?
धातू म्हणजे प्रत्यय लागण्याआधीचं क्रियापद.
ये, जा, ओरड, रड.
आम्ही हसलो. बाबा हसले नाहीत.

बाहेर दिवसभर खनिजाचे ट्रक.
फडताळातली भांडी थरथरत.
बाससाठी आम्हाला वेगळा स्पीकर लागलाच नाही.

कार्यक्रम फुटबॉलच्या फायनलनंतर, शाळेच्या मैदानात.
बक्षीस समारंभ लांबला,
पोरं दोन तास आंब्याखाली ताटकळत बसली
आणि फांदीवरचे हुमले साखरेला उतरले.
दुसऱ्या गाण्याला केरोबिनने डोकं असं झटकलं,
असं आपटलं, असा किंचाळला
की मैदान उभं राहिलं.
शिट्ट्या. खुर्च्या.
मला कुणी मत विचारलं नाही, तरी सांगते:
चौघांत मेटल कुणाला कळलं असेल तर
त्या हुमल्यांना.

पुंडलिक बहारीनला गेला. सांत्यान राहिला नाही.
उल्हास विमा विकतो, गाडीत नाट्यगीतं लावतो.
खाणी बंद पडल्या तेव्हापासून
ट्रक ओळीने उभे आहेत,
एकाच्या केबिनमधून कारल्याचा वेल बाहेर आलाय.

मंगळवारी केरोबिन माझ्या पार्लरात आला.
मुलीचं लग्न. कानांभोवती उरलंय तेवढं काळं करून दे, म्हणाला.
डाय लावून अर्धा तास बसायचं असतं.
बसला. मग हळूच,
उल्हासाक सांगूं नाका.
ती लिपस्टिकवाल्यांची कॅसेट होती ना,
तिच्यातलं ते संथ गाणं,
मी उशीखाली ठेवून ऐकायचो.
बोटीवर, इंजिनरूममध्ये, वीस वर्षं तेच गुणगुणलो.
आता लेकीने फोनवर शोधून दिलं.
पण ते हे नव्हे गे.
हे फार घाईत आहे.

मी म्हटलं, व्होल्टेज.
संध्याकाळी खाणीची मशिनं सुरू झाली
की आपल्याकडे दिवे पिवळे पडायचे,
टेप रखडायचा,
गायकाच्या गळ्यात म्हैस उतरायची.
तू ऐकलंस ते गाणं त्यांनी कधी गायलंच नाही.
ते इथलं.

तो आरशात बघत राहिला.
शेल्फावरच्या बाटल्या
एकदाही हलल्या नाहीत.

मग मी चहा टाकला.
साखर किती, विचारलं.
केरोबिनने डायने माखलेलं डोकं हलवलं.
नको, म्हणाला.
आता आतूनच आहे.